१४ फुटी अॅल्युमिनियम बोटीसाठी आउटबोर्ड : एचपीचा आकडा शेवटी ठरवा

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची मोटर, किती शक्तीची घ्यावी, हा तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बोट १४ फुटांची, अॅल्युमिनियमची, व्ही आकाराच्या तळाची. बोटीवरच्या क्षमतेच्या प्लेटवर कमाल २५ एचपी (अश्वशक्ती) लिहिलंय. बहुतेक वेळा दोघं, कधीतरी तिघं. तलावाच्या गोड्या पाण्यात आठ-दहा किलोमीटर जायचं, तिथे तासन्‌तास हळू ट्रोलिंग (बोटीमागे गळ ओढत जाणं) करायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. ९.९, १५, २० की २५ यात तुम्ही अडकला आहात, आणि मध्येच कुणीतरी जुनं टू-स्ट्रोक २५ कमी पैशात देऊ करतोय.

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. २० एचपीचं फोर-स्ट्रोक घ्या, इंजेक्शनवालं म्हणजे ईएफआय, हँडलवर चालणारं. त्याचं वजन १५ एचपीच्या मॉडेलइतकंच असेल तर २०, नाहीतर १५ वर थांबा. पण हा आकडा घेऊन लगेच खरेदीला निघू नका. छोट्या बोटींवर मोटर बसवताना आणि दुरुस्त करताना मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारी एचपी कमी पडल्याच्या नव्हत्या. चुकीच्या लांबीचा शाफ्ट (मोटरचा प्रोपेलरपर्यंत खाली जाणारा दांडा), ट्रान्समवर (मोटर अडकवायची बोटीची मागची भिंत) जास्त झालेलं वजन आणि न जुळणारा प्रोपेलर ही त्यामागची खरी कारणं होती. लोक एचपी बदलतात आणि तक्रार तशीच राहते.

सुरुवात वजनापासून करा. बोटीचं रिकामं वजन सगळे सांगतात, पण मोटरला ओढायची असते ती भरलेली बोट. १४ फुटी बोट साधारण ११० किलो, मोटर ४५ ते ५०, टाकी आणि पेट्रोल २०, दोन माणसं १६०, बॅटरी, नांगर, गळ, बर्फाची पेटी मिळून ३०-४०. ही बेरीज ३७० किलोच्या आसपास जाते. तिसरा माणूस बसला की साडेचारशे.

आता बोट पाण्यात दोन प्रकारे चालते. सावकाश जाताना ती पाणी बाजूला सारत जाते, आणि त्या चालीला पाण्याच्या पातळीवरच्या लांबीने मर्यादा पडते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणलं की ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. तुमच्या बोटीची पाण्यातली लांबी १३ फूट धरली तर ४.८ नॉट, म्हणजे ताशी ९ किलोमीटर. एवढ्याला ४-५ एचपी पुरते. त्यापुढे जायचं तर बोट पाण्यावर उचलली जाऊन घसरत चालायला हवी, यालाच प्लेनिंग म्हणतात. त्यासाठी शक्ती एकदम वाढवावी लागते. हलक्या अॅल्युमिनियम बोटीसाठी मी २० ते २५ किलोमागे १ एचपी असा ढोबळ हिशेब धरतो. ३७० किलोला १५ एचपी जेमतेम पण समाधानकारक चालते. साडेचारशे किलोला २० लागते. ९.९ वर एकटा माणूस आरामात प्लेनिंग करतो, दोघं असताना बोट रडतखडत उठते, तिघांत उठतच नाही.

न उठणं म्हणजे फक्त हळू जाणं नव्हे, ही गोष्ट नीट समजून घ्या. बोट या दोन चालींच्या मधे अडकली की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आभाळाकडे जाते, मागे मोठी लाट उभी राहते, समोरचं दिसत नाही, इंजिन पूर्ण रेसवर ओरडत असतं आणि वेग ताशी १३-१४ किलोमीटरच्या पुढे सरकत नाही. पेट्रोल सगळ्यात जास्त याच चालीत जळतं. दहा किलोमीटर जाऊन परत यायचं असेल तर एकतर ५-६ एचपी घेऊन निवांत ९ किलोमीटरने जावं, नाहीतर पुरेशी शक्ती घेऊन बोट उठवावी. मधला पर्याय वाईट, आणि तिघांसाठी घेतलेलं ९.९ नेमकं तिथेच अडकतं.

मग थेट २५ का नको? प्लेट तर परवानगी देते. प्लेटचा आकडा कुठून येतो ते पाहिलं की उत्तर मिळतं. अमेरिकेतल्या नियमात बोटीची लांबी आणि मागच्या भागातली जास्तीत जास्त रुंदी फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करतात. १४ गुणिले ४.४ म्हणजे ६१.६. हँडलवर चालणाऱ्या व्ही तळाच्या बोटीसाठी त्याच्या ०.८ पटीतून २५ वजा करतात आणि पुढच्या पाचाच्या पटीपर्यंत नेतात, म्हणजे २५ एचपी. तीच बोट सपाट तळाची, तळ आणि बाजू टोकदार कोपऱ्यात मिळणारी असेल तर निम्म्यातून १५ वजा, म्हणजे २० एचपी. आणि पुढे स्टिअरिंग असलेल्या, २० इंची ट्रान्समच्या बोटीला दुपटीतून ९० वजा, म्हणजे ३५. बोट तीच, पण हँडल धरून मागे बसणाऱ्या माणसाला नियम मुद्दाम कमी शक्ती देतो. कारण त्याच्या हातातून हँडल सुटलं तर मोटर झटक्याने एका बाजूला वळते आणि माणूस बाहेर फेकला जातो. प्लेटवरचा आकडा म्हणजे शिफारस नाही, तो कडेलोटाचा काठ आहे. तो कधीही ओलांडू नका, आणि त्याला चिकटून राहण्याचीही गरज नाही. प्लेटच्या ६० ते ८० टक्क्यांत बसणारी मोटर रोजच्या वापराला सुखाची असते.

२५ नको म्हणण्याचं दुसरं कारण ट्रान्समवरचं वजन. हल्लीच्या फोर-स्ट्रोकमध्ये १५ आणि २० एचपी बहुतेक कंपन्यांकडे एकाच ब्लॉकवर येतात. तोहात्सूच्या १५ आणि २० मध्ये ३३३ सीसी, सुझुकीच्या १५ आणि २० मध्ये ३२७ सीसी, यामाहाच्या १५ आणि २० मध्ये ३६२ सीसी. वजन सारखं, ४३ ते ५२ किलोच्या आसपास, मॉडेल आणि शाफ्टप्रमाणे. म्हणून म्हटलं, २० मिळत असेल तर १५ का घ्या? २५ ला मात्र ब्लॉक बदलतो आणि वजन ६० किलोकडे जातं, कधी त्याहूनही वर. हँडलवाल्या बोटीत मोटर, चालवणारा, पेट्रोलची टाकी आणि बॅटरी सगळेच मागच्या चार फुटांत गोळा होतात. तिथे वाढलेले पंधरा किलो नाळेला जाणवतात. वळताना, किंवा मासा गळाला लागल्यावर माणूस मागे येऊन उभा राहिला की ट्रान्समची कड पाण्याला टेकायला लागते.

९.९ पाहणार असाल तर एक गोष्ट जरूर तपासा. या आकड्याखाली दोन वेगळ्या मोटरी विकल्या जातात. एक २१० सीसीच्या आसपासची, चाळीस किलोच्या आतबाहेरची, हलकी. दुसरी त्याच मोठ्या ब्लॉकची, दाबून ९.९ वर आणलेली, वजनाला १५ आणि २० इतकीच. जिथे तलावावर १० एचपीची मर्यादा आहे तिथे या दुसरीलाही अर्थ आहे, कारण तिचा जोर खालच्या रेसवर चांगला लागतो. अशी मर्यादा नसेल तर तेवढं वजन लादून ९.९ घेण्यात काही मिळत नाही. माहितीपत्रकात एचपीच्या आधी सीसी आणि किलो वाचायची सवय लावा.

आता शाफ्ट. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण चुकीचा शाफ्ट आला की उपाय महाग पडतो. शॉर्ट १५ इंच, लाँग २० इंच, एक्स्ट्रा लाँग २५ इंच. लहान अॅल्युमिनियम बोटींना बहुधा १५ किंवा २० लागतो, आणि १४ फुटी बोटी दोन्ही प्रकारच्या येतात. आधीच्या मालकाच्या मोटरवरून अंदाज बांधू नका, त्याचीही चुकीची असू शकते. बोट ट्रेलरवर किंवा ठोकळ्यांवर ठेवा. ट्रान्समच्या वरच्या कडेला बरोबर मध्यावर, जिथे क्लॅम्प बसणार, तिथे टेपचं टोक धरा आणि तळाच्या मधल्या कण्याच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. ट्रान्समला तिरप असते. टेप तिच्याबरोबर नेला किंवा सरळ खाली सोडला तरी शॉर्ट ट्रान्समवर फरक अर्ध्या इंचाएवढाच पडतो. १५-१६ इंच आलं तर शॉर्ट, २०-२१ आलं तर लाँग. १७-१८ आलं तर मी ट्रान्समवर ठोकळा बसवून तो २० पर्यंत उंचावतो आणि लाँग लावतो. शॉर्ट मोटर उथळ लोंबत ठेवत नाही.

मोटर चढवल्यावर एक सरळ फळी कण्याखाली धरून मागे मोटरपर्यंत न्या. प्रोपेलरच्या वर जी आडवी पट्टी असते ती या फळीच्या रेषेत किंवा तिच्याखाली इंचभर असावी. शाफ्ट आखूड असेल तर ही पट्टी वर राहते, वळताना किंवा लाटेत प्रोपेलर हवा ओढतो, इंजिन एकदम पळतं आणि बोट पुढे सरकत नाही. त्याहून वाईट म्हणजे गार करणारं पाणी ओढायची जाळी पाण्याबाहेर येते. शाफ्ट लांब असेल तर गिअरकेस (मोटरच्या खालच्या टोकाचा गिअरचा डबा) पाच इंच जास्त खोल जाते. बोट जड चालते, मागे पाण्याचे फवारे उडतात, हँडल ओढावं लागतं आणि उथळ पाण्यात दगडाला पहिला मार तिथेच बसतो. ‘माझ्या मोटरला जोर नाही’ म्हणणाऱ्याकडे मी आधी ही फळी धरतो.

तुमचं बहुतेक काम ट्रोलिंगचं आहे, तेव्हा कमीत कमी वेगाचा हिशेब करून ठेवा. गिअर प्रमाण २.०८, प्रोपेलरची पिच (एका फेऱ्यात कागदावर पुढे जायचं अंतर) ९ इंच आणि मोकळ्या चालीवर ९०० फेरे धरले तर प्रोपेलर मिनिटाला ४३३ वेळा फिरतो. कागदावर ताशी ६ किलोमीटर निघतात. प्रोपेलर पाण्यात घसरतो ते वजा जाऊन बोट ४ च्या आसपास चालते. काही माशांना हा वेग चालतो, काहींना दोन-अडीच लागतो. तेव्हा लहान पिचचा प्रोपेलर, किंवा बोटीच्या बाजूने ओढायची कापडी पाणपिशवी उपयोगी पडते. काही ईएफआय मोटरींत ट्रोलिंगचे फेरे बटणाने कमी-जास्त करता येतात. हँडलवरच ते बटण असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. खरंच तासन्‌तास दोन किलोमीटरने जायचं असेल तर नाळेला छोटी विजेची ट्रोलिंग मोटर लावा. १२ व्होल्टची ५५ पाउंड थ्रस्टची मोटर पूर्ण जोरावर ५० अँपिअरच्या आसपास खाते, म्हणजे १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी दोन तासांत संपते. पण हळू चालीवर १०-१५ अँपिअरच लागतात आणि दिवस निघून जातो. परतीचे दहा किलोमीटर मात्र तिच्या भरवशावर ठेवू नका.

त्या जुन्या टू-स्ट्रोक २५ बद्दल. टू-स्ट्रोकला मी नावं ठेवत नाही. तेवढ्याच एचपीला ते फोर-स्ट्रोकपेक्षा हलकं, भाग कमी, रेस घेताना चपळ. पण कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक ट्रोलिंगला बसत नाही. हळू चालीवर प्लग काजळी धरतात, धूर अंगावर येतो, पेट्रोल जास्त जातं, आणि ५० ला १ या मापाचं तेल दर वेळी मिसळावं लागतं. खूप जुन्या मोटरींना २४ ला १ लागतं, तेव्हा मॉडेलचं साल पाहिल्याशिवाय मिश्रण करू नका. काही तलावांवर अशा मोटरींना बंदीही असते. शिवाय ब्रँड पाहा. जॉन्सन हे नाव २००७ मध्ये बंद झालं आणि एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. रोज वापरायच्या मोटरचे भाग शोधत फिरायची वेळ येऊ नये.

तरीही जुनी मोटर पाहायला गेलात, फोर-स्ट्रोक असली तरी, तर एवढं करा. मालकाला सांगून ठेवा की मोटर आधीपासून चालू करून गरम करू नका. थंड मोटर किती ओढीत सुरू होते ते स्वतः पाहा. पाण्याची धार सतत आणि जोरात येतेय का बघा. कॉम्प्रेशन मोजताना आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो दहा टक्क्यांच्या आत हवा. मग गिअरकेसचा खालचा स्क्रू किंचित सैल करा. मोटर काही तास उभी राहिलेली असेल तर आत शिरलेलं पाणी तळाशी बसतं आणि तेलाच्या आधी बाहेर येतं. तेल दुधाळ राखाडी दिसलं तर सील गेलंय. शेवटी प्रोपेलर काढून त्यामागचा शाफ्ट पाहा. मासेमारीच्या बोटींत गळाची दोरी तिथे गुंडाळली जाते, आत शिरते आणि सील कापते. वरून काहीच दिसत नाही. एवढं पाहू देत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

सेल्फ स्टार्ट घ्यायचा की दोरी ओढायची हे तुमच्या खांद्यावर ठरवा. २० पर्यंतचं ईएफआय इंजिन दोरीने सहज सुरू होतं, आणि काहींना इंजेक्शनसाठी बॅटरीही लागत नाही. बॅटरी नको असेल तर दहा-वीस किलो वाचतात. मासे शोधायच्या यंत्रासाठी बॅटरी ठेवणारच असाल तर ती आणि पेट्रोलची टाकी जितक्या पुढे नेता येतील तितक्या न्या. हँडलला लांबीचा जोड लावून स्वतःही मधल्या बाकावर सरका. नाळ खाली येते, बोट लवकर उठते आणि पुढचं दिसतं. किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय गिअर टाकू नका. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना, ३ एचपी किंवा जास्त मोटर असल्यास, प्लेनिंगवर किंवा सावकाश चालीपेक्षा वेगाने जाताना ती लावणं सक्तीचं आहे. तुमच्याकडे नियम असो वा नसो, मागे एकटा माणूस हँडल धरून बसतो त्या बोटीवर ती लागतेच.

अॅल्युमिनियमचं म्हणून थोडं वेगळं सांगायला हवं. बऱ्याच बोटींच्या ट्रान्सममध्ये दोन पत्र्यांच्या मधे प्लायवूड असतं. जुनी बोट असेल तर मोटर तिरपी करून तिच्या खालच्या टोकाला हाताने वर-खाली ढकला आणि ट्रान्समकडे पाहा. तो वाकतोय असं दिसलं तर आत लाकूड कुजलंय. मोटर घेण्याआधी ते बदला. क्लॅम्पचे स्क्रू नुसते घट्ट करून थांबू नका, १५-२० एचपीला बोल्ट आरपार घाला. बोल्ट स्टेनलेसचे, भोकांत मरीन सीलंट, कारण स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम ओल्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा अॅनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा), खाऱ्याला जस्ताचा, दोन्हीकडे जात असाल तर अॅल्युमिनियमचा. अॅनोडला रंग लावायचा नाही. बोटीच्या तळाला तांब्याचा अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले बसू न देणारा) रंग तर कधीच नाही, तो पत्र्याला भोकं पाडतो.

राहिला प्रोपेलर. मोटरबरोबर आलेला पंखा तुमच्या बोटीला जुळेलच असं नाही. दहाएक तास जपून चालवून इंजिन बसू द्या, पहिलं तेल २० तासांना बदला. मग नेहमीचं सामान आणि दोन माणसं घेऊन शांत पाण्यात पूर्ण रेस द्या आणि फेरे मोजा. प्लगच्या वायरभोवती गुंडाळायचा छोटा फेरेमापक यासाठी पुरतो. पुस्तकात ५००० ते ६००० लिहिलं असेल तर आकडा वरच्या अर्ध्यात, ५७०० च्या आसपास यायला हवा. ५२०० वर अडला तर पिच जास्त आहे. एक इंच पिच कमी केली की साधारण २०० फेरे वाढतात, म्हणजे इथे दोन इंच कमी. ६००० च्या वर पळत असेल तर उलट. उंचावरच्या तलावावर जात असाल तर दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के शक्ती कमी होते, तिथल्यासाठी कमी पिचचा दुसरा पंखा बरोबर ठेवा. तिसरा माणूस जास्त वेळा येत असेल तर ही चाचणी तिघांना बसवून करा, आणि प्रोपेलर त्या आकड्यावर ठरवा.